परमिट राहिलं, सहल बुडाली. आता तारीख बुडवू नका

तासगावच्या वाचकांचं पत्र आलं आहे. बेदाण्याच्या व्यापारात आहेत. सांगलीतल्या एका एजंटाकडून घरच्या सहा जणांची अंदमानची सहल घेतली. 24 जानेवारी 2024ला जॉली बॉय बेटावर बोटीने दिवसभर जायचं होतं. वंडूरच्या धक्क्यावर पोहोचल्यावर कळलं, वन विभागाचं परमिटच काढलेलं नाही. सगळे माघारी. एजंट म्हणाला, 'पुढच्या सहलीत वळते करून देतो.' ती पुढची सहल अजून आलेली नाही. त्यांचा प्रश्न असा : पावतीच्या मागे 'सर्व वाद पोर्ट ब्लेअर न्यायालयातच' असं छापलंय, मग आम्ही सांगलीत दाद मागू शकतो का?

अशी पत्रं वर्षाला पाच-सहा तरी येतात. कधी बेट असतं, कधी केदारनाथ.

आधी तुमची भीती घालवतो. मागू शकता. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. पावतीवरच्या त्या ओळीने हा हक्क जात नाही. पोर्ट ब्लेअरचं नावही 2024मध्येच बदलून श्री विजयपुरम झालं. पावती आहे तिथेच आहे.

तुमचं प्रकरण अडणार आहे ते दुसऱ्याच कलमावर, आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. 24 जानेवारी 2026ला ती दोन वर्षं भरतात. त्या दिवशी चौथा शनिवार आहे, म्हणून 23, शुक्रवार, हाच शेवटचा दिवस धरा. तुमचं पत्र माझ्या हातात पडलं 5 तारखेला.

'एजंटानं नकार दिलाच नाही, मग मुदत सुरू कशी होईल?' असं विचाराल. असा युक्तिवाद करता येतो, कधी टिकतोही. पण पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही, हे आयोगांनी वारंवार सांगितलंय. उशीर माफ करायची तरतूद आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि आयोगाला ते लिहून नोंदवावं लागतं. 'ओळखीचा माणूस होता, विश्वास ठेवला' हे कारण मी स्वतःही मांडायला कचरेन. कोविडमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळलेला काळ 28 फेब्रुवारी 2022ला संपला, त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

वकिलाची नोटीस पाठवायची तर जरूर पाठवा. पण ग्राहक आयोगात त्याआधी नोटीस दिलीच पाहिजे असा नियम नाही. नोटिशीच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवणारे मी इतके पाहिलेत की आता राग येतो.

आणि एक बोलूनच टाकतो. बेदाण्याच्या सौद्यातली पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, तुम्ही वर्षानुवर्षं जपता. मग सहलीच्या पैशांतले चाळीस हजार रोख देताना त्यांची पावती का मागितली नाही? त्या रकमेचं काय होईल, सांगता येत नाही. बँकेतून त्याच सुमाराला पैसे काढल्याची नोंद असेल तर जोडा. खरा आधार आहे तो एजंटाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप : 'परमिट राहिलं, आमची चूक.' हवामानाचं निमित्त त्याने आता काढलंय. जॉली बॉय हिवाळ्यात खुलं असतं, पावसाळ्यात त्याच्याऐवजी रेड स्किन बेटावर नेतात. म्हणजे जानेवारीत बेट बंद होतं असं तो म्हणू शकत नाही. लाटा खवळल्या होत्या असं म्हणेल, पण परमिटच नसताना लाटांचा प्रश्न येतो कुठे? तो निरोप मोबाइलमधून पुसू नका. प्रिंट काढा, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लावा. आयोग त्याबाबत फार काटेकोर नसतो, पण वाद कशाला?

संपूर्ण सहलीचे पैसे मागू नका. सेल्युलर जेल पाहिलंत, स्वराज द्वीपला राहिलात, ते फोटो समोरची बाजू दाखवेलच. त्या एका दिवसाचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई, एवढंच मागा. भरपाई किती मिळेल याचा आकडा मी सांगणार नाही. सांगलीचा एजंट आणि तिथली बोटवाली कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा. 'मी फक्त मध्यस्थ' असं एजंट म्हणणार, पण पैसे त्यानेच घेतले आहेत.

मोबदला, म्हणजे सहलीसाठी तुम्ही दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या भरता येते, वकील लागतोच असं नाही. समोरच्याला लेखी उत्तरासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल, असं कायद्यात लिहिलंय. हे वाक्य अशिलांना सांगणं मी कधीच सोडून दिलंय.

तक्रार दाखल झाली की एजंट फोन करेल, बहुतेक त्याच आठवड्यात. बोलणी जरूर करा. मात्र पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका, आणि 'पुढच्या सहलीत वळते' या शब्दांवर तर मुळीच नाही.