अ‍ॅरिस्टॉटल खरंच लोकशाहीच्या विरोधात होता का?

तुम्ही विचारलंय की ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात लोकशाहीला बिघडलेल्या शासनप्रकारांत टाकलंय, म्हणजे तो लोकशाहीविरोधीच ना? नोट्समधला तो सहा खान्यांचा तक्ता (राज्य करणारा एक, थोडे की पुष्कळ, आणि राज्य चांगलं की बिघडलेलं) बघून असंच वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण तक्त्यात किती जण राज्य करतात तेच डोळ्यात भरतं आणि खरी मेख आहे ती कोणाच्या भल्यासाठी करतात यात. एकाने सगळ्यांसाठी केलं तर राजेशाही, स्वतःपुरतं केलं तर जुलूमशाही, थोड्यांच्या आणि पुष्कळांच्या राज्याचेही तसेच चांगला आणि बिघडलेला असे दोन प्रकार. शिवाय तो स्वतःच म्हणतो की डोकी मोजणं दुय्यम, समजा एखाद्या नगरात श्रीमंतच जास्त निघाले आणि सत्ता त्यांच्या हातात असली तरी ती लोकशाही नव्हे. त्याच्या लेखी ‘डेमोक्रेसी’ म्हणजे गरिबांनी फक्त गरिबांच्या फायद्यासाठी चालवलेलं राज्य.

न्यायाचं घोडं पण इथेच अडतं. गरीब म्हणतात आम्ही स्वतंत्र नागरिक म्हणून बरोबरीचे, मग सगळ्यातच बरोबरीचे, श्रीमंत म्हणतात आमचा पैसा जास्त मग आमचा सगळाच वाटा जास्त. तो म्हणतो दोघांनाही न्याय अर्धाच दिसलाय. चांगली बासरी द्यायची तर घराणं किंवा रूप बघून देत नाहीत, जो छान वाजवतो त्याला देतात, तसंच सत्तेतला वाटाही नगराच्या कामी कोण किती येतो त्यावर ठरावा.

आणि मला सगळ्यात आवडतो तो अंगतपंगतीचा दाखला. एकट्याच्या खर्चाने घातलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी आपापलं आणून केलेलं जेवण सरस होऊ शकतं, तसं सामान्य माणसं एकत्र बसली की त्यांचा निर्णय मोजक्या शहाण्यांपेक्षा चांगला ठरू शकतो, आणि जेवण कसं झालंय ते आचाऱ्याने नाही, पाहुण्याने सांगायचं! लोकशाहीचा शत्रू असं लिहील का?

अजून एक, निवडणूक त्याला श्रीमंतशाहीकडे झुकणारी वाटते, लोकशाहीची खूण म्हणजे चिठ्ठी टाकून पदं वाटणं. अथेन्समध्ये न्यायालयांसाठी दरवर्षी ६००० नागरिक असेच चिठ्ठीने निवडायचे. अर्थात बायका, गुलाम, परके यात नाहीतच, आणि गुलामगिरीचं त्याने केलेलं समर्थन मला आजही बोचतं. तो स्वतः उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा या नगराचा, अथेन्समध्ये परकाच, त्यालाही तिथे मत नव्हतं.

तक्ता बाजूला ठेवा आणि ‘पॉलिटिक्स’चा तिसरा भाग सहाव्या प्रकरणापासून वाचा, अंगतपंगत अकराव्यात आहे.