विट्गेन्स्टाइन इतका तापट होता, तर त्याचे जुने विद्यार्थी आयुष्यभर त्याचे मित्र कसे राहिले?

तुम्ही विचारलंय की केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आणि वर्गात एवढं चिडणाऱ्या या माणसाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिणारे विद्यार्थी मिळाले कसे. गोव्यात फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असताना मलाही हाच प्रश्न पडायचा. त्याची पत्रं वाचल्यावर थोडा उलगडा झाला.

नॉर्मन माल्कम हा अमेरिकन मुलगा 1938 साली केंब्रिजला आला. तासाआधी तो आणि विट्गेन्स्टाइन फिरायला जात. 1939 च्या अखेरीस वाटेत वर्तमानपत्राचा फलक दिसला: हिटलरला मारण्याच्या प्रयत्नामागे ब्रिटिश सरकार आहे, असा जर्मनांचा आरोप होता. असलं काम इंग्रजांच्या 'राष्ट्रीय स्वभावात' बसत नाही, असं माल्कम सहज बोलून गेला. गुरुजी असे संतापले की एकत्र फिरणंच थांबलं.

ती गोष्ट ते विसरले नाहीत. पाच वर्षांनी, 1944 च्या नोव्हेंबरात, माल्कम नौदलात असताना त्यांनी ती पत्रात पुन्हा काढली. तर्कशास्त्राच्या गहन प्रश्नांवर बरं बोलता येतं, पण रोजच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांवरचा विचार सुधारत नाही, 'राष्ट्रीय स्वभाव' असले धोक्याचे शब्द वापरताना पत्रकाराहून जास्त जपावंसं वाटत नाही, तर तत्त्वज्ञान शिकून उपयोग काय, असा त्या पत्राचा आशय आहे. मी हे पत्र वर्गात वाचायची आणि मग मुलांना विचारायची, निवडणुकीत जो तो 'गोंयकारपण', म्हणजे गोवेकरपणा, म्हणतो, तर त्याचा अर्थ काय? वर्गात बराच वेळ कोणी बोलत नसे.

मला वाटतं, मैत्री टिकली ती यामुळे. मुलगा परीक्षा देऊन निघून गेला, तरी तो कसा विचार करतो, कसा जगतो, याची काळजी या माणसानं सोडली नाही. बाकी पत्रव्यवहार साधा आहे. माल्कम अमेरिकेहून गुप्तहेरकथांची मासिकं पाठवायचा आणि 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकापेक्षा त्यांतच जास्त जीवनसत्त्वं आहेत असं विट्गेन्स्टाइन मनापासून कळवायचे. 1949 साली ते अमेरिकेत इथाकाला माल्कमच्या घरी जाऊन राहिलेसुद्धा.

सगळंच चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञान सोडा, हातानं काही काम करा, असा सल्ला ते देत. फ्रान्सिस स्किनर हा गणितातला फार हुशार मुलगा त्यांच्या सांगण्यावरून यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात गेला आणि 1941 मध्ये तरुणपणीच वारला. ते मला अजून टोचतं.

मॉरिस ड्रुरी त्यांच्याच आग्रहानं वैद्यकाकडे वळला, पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला. इस्पितळात नवा असताना आपलं अज्ञान आणि धांदरटपणा पाहून तो खचला होता. त्याला त्यांनी लिहिलं की रुग्णांकडे संकटात सापडलेली माणसं म्हणून जवळून पाहा, आणि इतक्या जणांना 'शुभ रात्री' म्हणायला मिळतं, याचा आनंद घे. 1951 च्या एप्रिलमध्ये गुरूच्या शेवटच्या घटकेला जवळ असलेल्यांत हा ड्रुरी होता. योरिक स्मिथीज होता, एलिझाबेथ अँस्कोम होत्या. हे सगळे कधीकाळचे विद्यार्थीच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा रात्री उशिरा निरोप आला. ती परिचारिका आहे, तेव्हा नोकरीला नवीन होती. "बाई, मला हे जमत नाही, सोडून देते," एवढंच लिहिलं होतं. मी ड्रुरीला आलेल्या पत्रातल्या त्या ओळी मराठीत उतरवून तिला पाठवल्या, स्वतःचं एक वाक्य जोडलं नाही. महिनाभर काही उत्तर नाही. मग चतुर्थीला घरी आली, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याखाली बसून बोलली. आता दिवे मालवायच्या आधी ती प्रत्येक खाटेपाशी जाऊन 'बरी रात' म्हणते. एक आजोबा ती येईपर्यंत जागे राहतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते.