मुंबईच्या प्राइड मार्चला जायचंय, पण घरी काहीच माहीत नाही. फोटो कुठे आला तर? जावं का?

जा. मी गे आहे आणि घरी कळण्याच्या कितीतरी आधीपासून जातोय.

समलैंगिक, ट्रान्स अशा आम्हा सगळ्यांच्या या मोर्चात तुम्हाला 'तू कोण?' असं कुणी विचारत नाही. आपल्या पोरांसोबत आलेले आईवडील असतात, ऑफिसातले दोस्त असतात, नुसते बघे असतात. कोण कशासाठी आलंय, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

फोटोची भीती मात्र खरी आहे. सुरुवातीच्या वर्षांत बरेच जण मुखवटे घालून चालायचे. आता मुखवटे कमी झाले, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आलेत. चॅनेलवाले आणि पेपरचे फोटोग्राफर पुढच्या बॅनरपाशी नाहीतर भरजरी साडी, पंख, उंच टाचा अशा थाटात आलेल्यांभोवती घुटमळतात. साधा शर्ट घालून मधल्या घोळक्यात चाललात, तर तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. टोपी आणि मास्क लावा, कुणाला वावगं वाटत नाही. गालावर रंग लावून घेतलात तर लोकल पकडण्याआधी पुसा. चमकी मात्र लावूच नका, ती दुसऱ्या दिवशीही कानामागे सापडते. पेपरपेक्षा मोठी भानगड म्हणजे ओळखीच्यांच्या इन्स्टा स्टोरी. सोबतच्यांना आधीच बजावून ठेवा, टॅग करायचं नाही म्हणून.

'नुसता नाचगाण्यांचा तमाशा' असं कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. मुंबईतला पहिला क्वीअर (म्हणजे आम्हीच सगळे) आझादी मार्च १६ ऑगस्ट २००८ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी निघाला. तोही ऑगस्ट क्रांती मैदानातून, जिथे १९४२ साली 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं. त्याला 'चले जाव' म्हणायला याहून चांगली जागा कुठली? २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ला शेवटी सुटका झाली. लग्नाचा हक्क २०२३मध्येही मिळाला नाही. एवढं सगळं डोक्यावर असताना माणसं वर्षातून एक दुपार ढोलावर नाचली, तर नाचू द्या की! त्याच घोळक्यात 'हिंदू, मुस्लिम, सिख, ईसाई, हेटेरो-होमो भाई भाई' असं कुणी ओरडलं की बंदोबस्तातला एखादा हवालदारही गालातल्या गालात हसतो.

मोर्चात झळकणारे कंपन्यांचे लोगो मला खुपतात, ते वेगळं.

हल्ली मोर्चा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतो. जून जगभर प्राइडचा महिना असला, तरी मुंबईच्या पावसात कोण चालणार? ऑगस्ट क्रांती मैदानाला जायचं तर ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा. पण निघण्याआधी त्या वर्षीची जागा आणि मार्ग नक्की बघा, कारण सगळं पोलिसांच्या परवानगीवर असतं. २०२०मध्ये मोर्चाची परवानगी नाकारली गेली आणि सगळे आझाद मैदानात जमले.

आत शिरायचा धीर झाला नाही, तर फुटपाथवरून सोबत चाला. दोन चौक चालून गल्लीत वळलात तरी कुणी हजेरी घेत नाही. आणि रस्त्यावर यायचंच नसेल, तर २०१०पासून मुंबईत 'कशिश' हा क्वीअर चित्रपट महोत्सव होतो, तिथून सुरुवात करा. तिकीट काढायचं आणि अंधारात बसायचं, घरी सांगायला 'सिनेमाला गेलो होतो' हेही खरंच असतं.