जुने अमेरिकन नकाशे घेताय? आधी भिंग घ्या

नवीन आहेस म्हणून सांगतो, लगेच १७व्या-१८व्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या मागे लागू नकोस, खिसा रिकामा होईल आणि वर नक्कलच गळ्यात पडायची. लाइन-ब्रॅडफर्डचा (जेम्स लाइननं मोजणी केलेला, विल्यम ब्रॅडफर्डनं छापलेला) न्यूयॉर्कचा नकाशा आहे ना, साधारण १७३० चा, त्याच्या १९व्या शतकात शिळाप्रेसवर (दगडावरून छापून) भरपूर नकला निघाल्या, त्यातल्या काही व्हॅलेंटाइनच्या मॅन्युअलमध्ये (न्यूयॉर्क शहराचं तेव्हाचं वार्षिक माहितीपुस्तक) घडी घालून यायच्या, आता त्यांचाही कागद पिवळा पडलाय त्यामुळे नवा माणूस हमखास फसतो. म्हणून आधी घड्या बघ. मग कागद तिरक्या उजेडात धर, मूळ नकाशासारखं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बहुतेक वेळा दिसतो (कडा कापलेल्या असतील तर नाही दिसणार), आणि दहापट भिंगातून एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली की सरळ परत कर, ते हल्लीचं पोस्टर. करिअर अँड आइव्हज या १९व्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या चित्रछपाई कंपनीच्या शहरचित्रांचे तर कॅलेंडरवाले रीप्रिंट ढिगानं फिरतात!

तरी मी म्हणेन व्हॅलेंटाइनचे नकाशेच घे, फक्त नक्कल म्हणून, नकलेच्याच भावात. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या) साइटवर मूळ नकाशे फुकट झूम करून बघता येतात, विकत घ्यायच्या आधी अक्षर न् अक्षर ताडून बघ. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नकोस.