बाप्तिस्मा झालेल्याला बाधा होते का?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आम्ही निपाणीचे. मामंजींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून घरातले सगळे मंडळीत (चर्चमध्ये) आहोत. माझी धाकटी जाऊ बाळंत होऊन पंधरवडा झाला. ती रात्र रात्र जागी असते, कोणीतरी कानात बोलतंय म्हणते, बाळ बदललंय म्हणते. सभेला आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं, की आमच्या आजेसासूंना लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलं होतं, तो आत्मा घराण्याला धरून आहे. तीन रात्री सुटकेची, म्हणजे भूत घालवण्याची, प्रार्थना करायची, तोवर गोळ्या द्यायच्या नाहीत. आजेसासूंची परडी (देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली) अजून माळ्यावर आहे. विश्वासणाऱ्याच्या अंगात असं काही शिरू शकतं का?
– तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक भगिनी

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती पडलं त्याच दिवशी फोनवर सांगितलं, की जावेला आधी दवाखान्यात न्या. तुमच्या परवानगीने इथे सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न चिकोडीपासून खानापूरपर्यंत पुष्कळ घरांत दबक्या आवाजात विचारला जातो.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडणं, आवाज ऐकू येणं, बाळाविषयी भलतेच संशय येणं हा एक ओळखीचा आजार आहे. हजारात एकदोन बाळंतिणींना तो होतो. औषधांनी तो बरा होतो, पण एक दिवसही थांबायचं नसतं, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला एकटं सोडू नका. निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे, बेळगावला जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मनोविकारांची मोठी सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. औषध बंद करा असं देवाच्या नावाने सांगणाऱ्याचं ऐकू नका. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, आणि बायबलात मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे सांगितले आहेत. प्रत्येक दुखण्याला भूत म्हणायची रीत शुभवर्तमानात नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. दुष्ट आत्मे आहेत, असं मी मानतो. प्रभूने ते काढले, शिष्यांनाही तो अधिकार दिला. पण जो ख्रिस्ताचा झाला त्याच्यावर त्यांची मालकी चालत नाही. कलस्सै १:१३ सांगतं, की देवाने आपल्याला अंधाराच्या सत्तेतून काढून आपल्या पुत्राच्या राज्यात आणलं आहे. जुन्या मंडळीत सैतानाचा त्याग आणि दुष्ट आत्म्यांना घालवण्याची प्रार्थना बाप्तिस्म्याच्या आधी होत असे. ज्याचा त्याग करून माणूस पाण्यात उतरला, त्याला पुन्हा त्याचाच गुलाम ठरवणं मला पटत नाही.

सगळे विश्वासणारे असं मानत नाहीत, हेही सांगायला हवं. सुटकेची सेवा करणारे पुष्कळ पेंटेकॉस्टल बंधू लूक १३ मधली कुबडी बाई दाखवतात. प्रभू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो आणि सैतानाने तिला अठरा वर्षं बांधलं होतं असंही म्हणतो. वचन खरं आहे आणि त्यांचा प्रश्नही प्रामाणिक आहे. पण तिथे काय घडलं ते सावकाश वाचा. प्रभूने तिला जवळ बोलावलं, ती मोकळी झाली असं सांगितलं, हात ठेवले आणि ती सरळ उभी राहिली. तिच्या आत्म्याला नाव विचारलं नाही, तिच्या आजीचा इतिहास काढला नाही, तिला तीन रात्री उपाशी ठेवलं नाही. शिवाय ही गोष्ट प्रभूच्या वधस्तंभावरच्या मरणाच्या आधीची आहे. पुढे मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत पौल मोह, खोटं शिक्षण, राग यांविषयी वारंवार बजावतो, सैतानाला वाव देऊ नका म्हणतो, पण विश्वासणाऱ्यातून भूत काढा असं एकदाही सांगत नाही. इफिसात तर जादूटोणा करणारेच विश्वासात आले होते. त्यांनी सर्वांसमोर कबुली दिली, पन्नास हजार चांदीच्या नाण्यांच्या किमतीची पुस्तकं जाळली, आणि तेवढ्यावर ती हकिकत संपते.

म्हणजे सैतान आपल्याला छळतो, फसवतो, घाबरवतो. त्याला तोंड द्यायचं ते पश्चात्तापाने, वचनाने, मंडळीच्या प्रार्थनेने. त्यासाठी आरडाओरडा लागत नाही. कॅथलिक मंडळीतसुद्धा बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुठल्याही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही. आपल्याकडे मात्र माईक हातात आला की कोणीही उभं राहतं. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं हा कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो मांत्रिक करो की प्रचारक.

आजेसासूंविषयी मला कळकळीने सांगायचं आहे. न कळत्या वयातल्या मुलीला देवीला सोडलं, हा तिच्यावर झालेला अन्याय होता. १९८२ मध्ये राज्याने त्यावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा तिचं अर्धं आयुष्य निघून गेलं असेल. आता तिलाच घराण्याचा शाप म्हणणं म्हणजे त्या बाईला दुसऱ्यांदा शिक्षा करणं. यहेज्केल १८ वाचा : बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. इथे तर त्या आजीचं पापही नव्हतं. घरात तिचं नाव आदराने घ्या, तिच्या नातवंडांना तिच्याविषयी सांगा.

परडीत जावेला आजारी पाडायची ताकद नाही. तरी विश्वासाच्या घरात ती नको वाटत असेल, तर सगळ्यांनी मिळून ठरवा. भावकीत कोणी मागत असेल तर देऊन टाका. अंगणात लोक जमवून जाळू नका, शेजारची माणसं दुखावतात. आणि हे काम जाऊ बरी झाल्यावर करा. आत्ता केलं तर तिला वाटेल, आपल्यातच काहीतरी शिरलं होतं.

प्रार्थना जरूर करा. तिच्या उशाशी बसा, हात हातात घ्या, हळू आवाजात स्तोत्र २३ किंवा १२१ म्हणा. तुझ्यात कोण आहे, असं तिला विचारू नका. बाळाला वरचं दूध द्यायचं की अंगावरचं, ते गोळ्या सुरू करताना डॉक्टरांना विचारा. रात्रीची जागरणं दीर, सासूबाई आणि तुम्ही वाटून घ्या, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. ते प्रचारक पुन्हा आले, तर तुमच्या पाळकांना बोलावून त्यांच्यासमोरच बोला. घरात एकट्या बायका असताना त्यांना जावेच्या खोलीत नेऊ नका.