डिस्क बदलण्याआधी वीज तपासा

प्रश्न : लग्नाचे फोटो ठेवायला जुन्या पीसीचा घरच्या घरी फाइल सर्व्हर केला आहे. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही मिळून एकच साठा; एक डिस्क गेली तरी डेटा राहतो). दिवसभर बिनतक्रार चालतो, पण रात्री बॅकअप सुरू झाला की आपोआप रीस्टार्ट होतो. कधी एखादी डिस्क रेडमधून बाहेर पडते. दुकानदार म्हणतात डिस्क बदला. काय करावं? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : डिस्क इतक्यात बदलू नका आणि रेडचं रीबिल्डही, म्हणजे बाहेर पडलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा भरणं, सुरू करू नका. रीबिल्ड चालू असताना आणखी एक डिस्क बाहेर पडली, तर सगळेच फोटो जाऊ शकतात. पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन डिस्कची झोप (काम नसताना डिस्क फिरायची थांबते ती सोय) बंद करा. मग फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ती स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी असू द्या.

‘बॅकअप सुरू झाला की’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील. ३.५ इंची डिस्क फिरत असताना साधारण ५ ते ८ वॅट घेते. पण थांबलेली डिस्क फिरू लागताना पहिले काही सेकंद १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. बॅकअपसाठी झोपलेल्या चारही एकदम उठल्या तर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट; बोर्ड आणि प्रोसेसरचे वेगळे. नवा पॉवर सप्लाय हे सहज पेलतो. वर्षानुवर्षं उष्णतेत चालून आतले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) सुकले, की नेमक्या याच वेळी १२ व्होल्टची लाइन खाली बसते आणि मशीन रीस्टार्ट होतं. म्हणून झोप बंद केल्यावर बॅकअप नीट होऊ लागला, तर संशय पॉवर सप्लायवर घ्या.

आता मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि पॉवर सप्लायच्या चार पिनी मोकळ्या मोलेक्स प्लगवर (जुन्या पद्धतीचा मोठा प्लग) टोकं लावा : पिवळी-काळी १२, लाल-काळी ५. सर्व्हर चालू करताना डिस्क उठत असतात, तेव्हा आकडे ११.४ किंवा ४.७५ च्या खाली गेले तर सप्लाय बदला. पण १२.१ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मीटरला क्षणभराची घसरण दिसत नाही. मिन-मॅक्सचं, म्हणजे सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं, बटण असलेला बरा. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे मित्राकडचा चांगला सप्लाय चार रात्री लावून बघणं. जुना सप्लाय उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

केबलही बघा. डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एकूण साडेचार. अशा एका प्लगवर स्प्लिटर (एका प्लगचे अनेक करणारी केबल) लावून चारही डिस्क टांगल्या असतील, तर दुखणं तिथेच आहे. प्लगचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं किंवा पिना काळवंडलेल्या दिसल्या की केबल टाकून द्या. मोलेक्सवरून साटा करणारी, एकसंध ओतीव प्लगची स्वस्त केबल आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. ती घरात ठेवूच नये.

डिस्कचा स्मार्ट अहवालही (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा. १९२ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर डिस्कची वीज अचानक तुटते आहे. १९९ वाढत असेल तर डेटा केबल बदला. ५ आणि १९७ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) वाढू लागले, तर मात्र दुकानदारांचं म्हणणं बरोबर आहे.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरजवळ राहतो. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की दिवे मिणमिणतात आणि सर्व्हर बंद पडतो. स्टॅबिलायझर लावून उपयोग झाला नाही. घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की सर्व्हर जातोच. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रिलेचा स्टॅबिलायझर टॅप (व्होल्टेजची पायरी) बदलेपर्यंत व्होल्टेज बसून गेलेलं असतं, आणि रिले बदलताना वीज क्षणभर तुटते ती वेगळीच. तो काढा. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं. ते बहुधा नॉर्मलवर राहिलं असेल. त्यावर लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. पंख्यांना तेवढं चालतं, सर्व्हरला नाही. बटण यूपीएसवर करा.

तरीही सर्व्हरसाठी ६०० व्हीएचा लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएस (बॅटरीवर न जाता व्होल्टेज थोडं सावरणारा) वेगळा घ्या, आणि यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या. स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही यूपीएस त्याची वीज स्वीकारतच नाहीत आणि स्वतःच्या बॅटरीवर बसून राहतात. अशा वेळी यूपीएसला इन्व्हर्टरमधून न येणारी लाइन द्या. यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, ‘नट’ हा मोफत प्रोग्रॅम बसवा आणि बॅटरीवर पाच मिनिटं झाली की सर्व्हर रीतसर बंद होईल असं ठरवून द्या. पावसाळ्यात लाईट आली की पुन्हा दोन-तीनदा जाते. म्हणून बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्याआल्या आपोआप चालू होण्याची सोय बंद ठेवा आणि लाईट स्थिरावल्यावर हातानेच चालू करा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. दर तीन महिन्यांनी सर्व्हर बंद ठेवून, बल्ब किंवा पंखा जोडून, प्लग काढून पाहा. पाच मिनिटंही तग धरत नसेल तर बॅटरी बदला.