पहिली माणसं मिसाइलवर बसून गेली का?

प्रश्न: मुलीला सायन्स एक्झिबिशनसाठी माणसाला अंतराळात नेणाऱ्या पहिल्या रॉकेटचं मॉडेल करायचंय. तिचे आजोबा म्हणतात ती रॉकेटं म्हणजे मुळात मिसाइलंच होती. खरंय का? आणि अमेरिकेच्या आधी रशियाने कसं काय जमवलं? – एक पालक, कोथरूड

उत्तर: आजोबा बरोबर बोलतायत. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन ज्यावर गेला ते व्होस्टोक रॉकेट म्हणजे सोव्हिएत रॉकेट इंजिनिअर कोरोल्योव्हच्या टीमने बनवलेलं आर-७ हे अणुबॉम्ब वाहून न्यायचं मिसाइल, फक्त वर एक जादा स्टेज, म्हणजे रॉकेटचा आणखी एक टप्पा, चढवलेली. आता गंमत बघा, रशियाचा बॉम्ब बोजड होता म्हणून रॉकेट दांडगं करावं लागलं, आणि तेच दांडगेपण नंतर पावणेपाच टनांचं यान उचलायला कामी आलं. अमेरिकेचे बॉम्ब हलके झालेले त्यामुळे त्यांची मिसाइलंही बेताचीच. ५ मे ला त्यांचा अ‍ॅलन शेपर्ड गेला तो रेडस्टोन मिसाइलवर, पण त्याचा वेग तासाला आठ हजार किलोमीटरच्या आसपास आणि पृथ्वीभोवती फिरायला लागतात २८ हजार, म्हणजे १५ मिनिटांत वर जाऊन समुद्रात परत.

कक्षेत जायला मग अमेरिकेने अ‍ॅटलास हे मोठं मिसाइल काढलं. हे प्रकरण मला फार आवडतं. वजन वाचवायला टाकीचा स्टीलचा पत्रा इतका पातळ केला होता की सायकलच्या ट्यूबसारखा आत प्रेशर ठेवावा लागायचा, नाहीतर स्वतःच्याच वजनाने चेपून गेलं असतं. १९५९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या सातही अंतराळवीरांना याचं उड्डाण दाखवायला नेलं तर ते डोळ्यांदेखत फुटलं! तरी २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन त्याच्यावरच बसला आणि तीन फेऱ्या मारून आला, काय काळीज असेल माणसाचं.

मॉडेल व्होस्टोकचंच करा, १९८४ ला आपले राकेश शर्मा गेले ते सोयुझ रॉकेटही याच घराण्यातलं. थर्माकोलच्या भानगडीत पडू नका, अप्पा बळवंत चौकात चांगला कार्डबोर्ड मिळतो. मधे एक उभा भाग आणि बाजूला चार निमुळते बूस्टर. हे पाचही जमिनीवरच पेटवायचे, कारण वर हवेत इंजिन पेटेल याची तेव्हा खात्री नव्हती. एकच मोठं इंजिन नीट जळेना म्हणून प्रत्येकाला इंधन जाळायची चार-चार छोटी चेंबर दिलेली, प्रत्येक चेंबरला एक नोझल, तेव्हा खाली मोठी नोझल वीस दिसली पाहिजेत. बाजूची स्टिअरिंगची बारकी नाही केली तरी चालतील.